नऊशे नव्व्याण्णव

कादंबरी कन्नडमधली. पानं तीनशे बारा.
दोन वर्षं झाली, ती मराठीत आणतो आहे,
शहापुरातल्या या खोलीत.
भिंतीपलीकडे यंत्रमाग.
लाइट गेली की माग थांबतात
आणि मग गुरुपादप्पा जरा जास्तच
स्पष्ट ऐकू येतो.

गुरुपादप्पा, म्हणजे त्यातला माणूस.
निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत
काट्यावर उभं आयुष्य काढलेला.
सगळे घरी गेले की तो स्वतःच चढतो काट्यावर
आणि वहीच्या मागच्या पानावर मांडतो:
सत्तावन्न किलो, भीतीसकट.
पुढच्या प्रकरणात चोपन्न.
त्यापुढे बावन्न आणि दोनशे ग्रॅम.
पोत्याचा बारदाना वजा करता येतो,
हिचा कसा करायचा
हे त्याला कुठल्या शेठजीनं शिकवलेलं नाही.

इथपर्यंत सोपं होतं.

मग पान दोनशे सात.
झोप येत नाही म्हणून तो आकडे मोजतो
आणि रोज रात्री ओंबैनूर तोंबत्तोंबत्तुवर थांबतो.
पुढचा आकडा साविर.
साविर म्हणायला तोंड उघडलं
की आधी सावु येतं ओठावर,
आणि सावु म्हणजे मरण.
बायको कुशीवर वळून विचारते, झालं का मोजून?
तो म्हणतो, एक राहिलाय.

आता हे मराठीत कसं सांगू?
आमच्याकडे साव म्हणजे ज्यानं काही केलं नाही तो,
चोराच्या समोर उभा असलेला.
पहिल्या खर्ड्यात मी लिहून गेलो होतो,
‘साव दाराशी आला’.
शेजारच्या महानंदक्कांना वाचून दाखवलं
तर पदर तोंडाला लावून हसल्या.
‘सर, तुमच्यात मरण एवढं गरीब असतंय होय?’

लहानपणापासून वाटायचं,
या भागात जन्मलेल्या माणसाला दोन भाषा
म्हणजे घराला दोन दारं.
एका दाराशी कुणी नको ते आलं
तर दुसऱ्यानं हळूच निघून जावं, चपला हातात घेऊन.
पान दोनशे सातवर गेले चार महिने
एक लिफाफा आहे. खूण म्हणून.
मोठ्या दवाखान्याचा, पिवळसर.
उघडलेला आहे. वाचलेला नाही, असं मी म्हणतो.

महानंदक्का त्या पानाकडे बघतात,
लिफाफ्याकडे बघतात,
आणि जोंधळ्याची भाकरी ठेवून जातात.

काल माग बंद असताना सापडलं.
हजार लिहिलं होतं, पेनाची शाई ओढत नव्हती,
मधला काना उमटलाच नाही.
कागदावर राहिलं: हजर.

बराच वेळ बसून राहिलो.
गुरुपादप्पा, तुझा हजार मिळाला, म्हटलं.
एक काना गळला की समोर उभा.
खूश व्हायला हवं होतं. झालोही.
मग चहा करायला उठलो
तर गॅस पेटवताना काडी तीनदा विझली,
वारा नसताना.

आज सकाळी लिफाफा घेऊन गेलो.
लांब बाक, भिंतीवर बाणांच्या पाट्या,
खाली कुणीतरी सांडलेल्या कुंद्याभोवती मुंग्या.
खानापूरकडची एक म्हातारी शेजारी,
तिचं पोरगं तिला सारखं सांगत होतं, काय नाही, काय नाही.
मी मनात आकडे मोजत होतो.
कुठल्या भाषेत, ते आता आठवत नाही.

नर्सबाईंनी कन्नडमधून माझं नाव पुकारलं,
आडनाव थोडं मोडून.
मी उठलो,
आणि तोंडातून निघालं ते
सहा नंबर शाळेतल्या तिसरीच्या वर्गातलं,
पाटी मांडीवर, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं:

हजर.

बाक हसला. म्हातारीसुद्धा.
नर्सबाईंनी दार धरून ठेवलं.
‘बर्री,’ म्हणाल्या, ‘ओळग बर्री.’