बेरीज दहा

आसियात, फेब्रुवारी. बंदरातला बर्फ रात्रभर करकरतो.
डेन्मार्कहून तीन महिन्यांच्या करारावर आलेली मी,
पायांत मोज्यांवर मोजे, खिशात टॉर्च.

एनोक, वय एकाहत्तर.
कुत्र्यांना मासे टाकून परतताना घसरला,
डोकं खडकावर.
दर अर्ध्या तासानं हाक मारायची:
एनोक! पापण्या उघडतात. तीन.
माझा हात दाब. दाबतो,
दोर ओढून ओढून राठ झालेला पंजा. सहा.
कुठे आहेस, ठाऊक आहे?
काही नाही. फक्त कपाळावर सुरकुत्यांची एक लाट
वर चढते, ओसरते.
एक, मी लिहिते. बेरीज दहा.

साडेबाराला दहा. एकला दहा.
दीडला, फरशी पुसायला आलेली पिपालुक
दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाली,
"तो कधीचा हो म्हणतोय तुला."

आमच्याकडे भुवया उंचावतात
शेजारणीचा नवा कोट पाहून,
आणि नाक मुरडतात कालच्या सुपाला.
इथे भुवया म्हणजे होकार. साधा, तोंडभर,
तोंड न उघडता.

मग मी नव्यानं विचारलं.
दवाखान्यात आहेस? भुवया वर.
दुखतंय? वर.
बायकोला उठवून आणू?
नाक मुरडलं त्यानं.
पिपालुक हसली, "झोपू दे म्हणतोय तिला."
तक्त्यात या उत्तरांना रकाना नव्हता.
समासात मी पेन्सिलीनं दोन बारक्या कमानी काढल्या.

दोनला दोन कमानी.
अडीचला. तीनला.
साडेतीनला पापण्या उघडल्या, हातही दाबला,
कपाळ मात्र सपाट.
पिपालुकनं कानाशी वाकून विचारलं, त्यांच्या बोलीत,
बराच वेळ, बहुधा कुत्र्यांची नावं घेऊन.
सपाट.

डॉक्टर राउनना फोन लावला.
"कितीवर आला?"
दहावरच आहे.
"आधी किती होता?"
दहाच.
"मग?"
भुवया, मी म्हणाले.
पलीकडे पलंग करकरला. "काय?"
भुवया थांबल्यात त्याच्या. तुम्ही या.

फोन ठेवला. माझा कागद मलाच खोटं पाडत होता,
स्वच्छ अक्षरात, सात वेळा दहा.
खिडकीबाहेर हेलिकॉप्टरच्या चौथऱ्यावर धुकं बसलेलं.
एनोकचा हात हातात धरून
मी पिपालुककडे वळले:
चुकतेय का गं मी?

तिनं नाक मुरडलं.