स्कीममधला समुद्र

चारशे पोती गंधक खपवलं तेव्हा कुठं हा समुद्र लागला.
कंपनीची स्कीम : जोडीनं बाली, चार रात्री, नाश्ता धरून.
गेल्या खेपेला टार्गेट भरलं तेव्हा फ्रीज आला होता,
त्याच्या आधी टेबलफॅन.
पासपोर्टच्या फोटोला सांगलीला नेलं यांनी,
फोटोवाला म्हणाला, मावशी, हसायचं नाही.
मी कुठं हसत होते.

बावीस डीलर, बावीस बायका,
कवठ्याच्या, जतच्या, आटपाडीच्या.
प्रत्येकीच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी,
जणू तिकडं कुणी जेवतच नाही.
हॉटेलच्या उंबऱ्याशी पानाच्या द्रोणात फुलं ठेवलेली, चार शितं भात.
मी चप्पल काढली.
यांनी बघितलं, मग यांनीही काढली.

आणि समुद्र, काय सांगू,
बंबातलं काढून विसणावं तसा कोमट.
बायका काठाला ओळीनं, साड्या घोट्याच्या वर,
लाट आली की किंचाळायच्या, मागं पळायच्या.
हे त्यांच्याही मागं दहा हात.
यांचं गाव ढालगावाच्या पुढं.
तिथं पाणी येतं ते टँकरनं,
नाहीतर पेपरात.

माझं माहेर भिलवडी.
ढकलत नाही, ढकलत नाही म्हणत
आबांनी घाटावरून ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची,
पाठीला सुका भोपळा.
नवव्या वर्षी भोपळा सुटला.
बाराव्या वर्षी पलीकडं औदुंबराच्या पायरीला हात लावून परत.
डोहात मगर आहे म्हणायचे. मला नाही दिसली कधी.
तिला मी दिसले असेन.

मग लग्न. सव्वीस वर्षं.
पोहता येतं का, असं कुणी विचारलं नाही,
आणि विचारून तरी काय,
इथं पोहायचं कशात, पिंपात?

त्या दिवशी पाचव्या की सहाव्या लाटेला
पदर खोचला, पर्स यांच्या हातात दिली
आणि गेले.

खारं पाणी माणसाला उचलून धरतं.
नदी नाही धरत, नदीत आपलं आपण बघायचं असतं.
हे मला ठाऊक नव्हतं.
उताणी पडले. कानात पाणी गेलं
तशी काठावरची सगळी बंद झाली,
उधारीची वही, नळ सुटला का, सासूबाईंची गोळी.
नुसती लांब कुठंतरी मोटार चालू असल्यागत घरघर.

वळून बघते तर हे मांडीभर पाण्यात.
एका हातात पर्स, एका हातात माझ्या चपला,
इस्त्रीची पँट भिजलेली,
आणि ओरडताहेत, हौसा! हौसा!

दुकानाच्या पाटीवर ते तायाप्पा कोळेकर,
घरात अहो.
मी पाटीवर नाही, घरात अगं.
आणि आज चाळीस-एक माणसांसमोर नावानं.
मी जरा मुद्दाम उशीरच केला.

रात्री बराच वेळ गप्प होते,
एसीचा रिमोट उलटा धरून.
मग म्हणाले,
अजून काय काय येतंय तुला?

आता आलोय परत. शटर वर, धूळ तीच.
बॅग झटकली तर मूठभर वाळू निघाली,
खारी म्हणून तुळशीत नाही घातली,
कुठं टाकावी कळेना, तशीच वाटीत आहे.

परवा, रविवारी, भाऊजींच्या डाळिंबातल्या शेततळ्यावर
आम्ही दोघंच. वर कुणी येत नाही दुपारचं.
कागद निसरडा, म्हणून खांबाला दोर बांधलेला.
यांच्या पाठीला वीस लिटरचा रिकामा कॅन,
पाण्याचाच, औषधाचा नव्हे,
मी दोनदा वास घेऊन बघितला.
एकावन्न वर्षांचा माणूस
काठावर बसलाय, पाय पाण्यात सोडून,
पोटऱ्या गोऱ्यापान, कधी ऊन न बघितलेल्या.

म्हणतात, ढकलू नकोस हां.
मी म्हणते, नाही ढकलत.