थुंकायची मुभा

तुर्भ्याच्या फळबाजारात बारा वर्षं मी पट्टी लिहितो.
रामफळ, अंजीर, करवंद, ड्रॅगन फ्रूट,
पेट्या इतक्या, वजन इतकं, हमाली वजा.
तोंडात मात्र केळ्याशिवाय काही गेलेलं नाही,
तेही डाग नसलेलं.

शेलार माथाडी पाठीवर पेटी असतानाच विचारायचा,
"भाऊसाहेब, जीभ काय देव्हाऱ्यात ठेवून येता का?"
मी हसायचो आणि डबा उघडायचो.
वरण, भात, बटाट्याची भाजी, मोहरी निवडलेली.

लोकांना वाटतं नखरे.
कसं सांगावं, वांग्याची बी दाताखाली आली
की मानेपर्यंत शहारा जातो,
दुधावरची साय ओठाला चिकटली
की दिवसभर तो ओठ माझा नसतो.
मुलगी बघायला गेलो होतो एकदा, कळव्याला.
पोह्यांतला कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे
बशीच्या काठाने ओळीत लावले.
नकार तिकडून आला.

मग एप्रिलात बहिणीच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं नेरूळला,
आणि तिची नक्षत्रा, वय सात, घरात नखू,
एकवीस दिवसांसाठी कोपरखैरण्याला माझ्या खोलीत आली.
सोबत चार फ्रॉक, एक रंगपेटी
आणि आईच्या अक्षरातली यादी: हे खात नाही.
यादी पाठपोट होती.
मी उभ्यानेच वाचली. वाटलं, माझीच कुंडली.

दोन दिवस आम्ही सुखात जेवलो.
वरणभात. वरणभात.
तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तिच्या पापण्या खाली ओढून म्हणाल्या,
"हिला खायला शिकवा जरा."
कोणाला सांगत होत्या!

"एक घास खाऊन बघ," मी म्हटलं.
"तू आधी."

बोनकोड्याच्या सुगंधाताईंनी वाटीभर जवळ्याची चटणी दिली होती.
ती मध्ये ठेवून आम्ही दोघं बघत बसलो,
जणू पहिली तीच हलणार होती.

नियम नखूने केले.
आधी नुसतं बघायचं. मग वास. मग बोट.
मग जिभेचं टोक, मांजर लावते तेवढंच.
चावायचं की नाही ते उद्या.
आणि थुंकायची मुभा.
हातात कागदी रुमाल, कोणी कोणाला ओरडायचं नाही.

एकोणचाळीस वर्षांत
ही मुभा मला कोणी दिली नव्हती.

जुन्या पट्टीबुकाच्या मागच्या पानांवर तिने हिशेब धरला.
जवळा: मामा थुंकला. मी पण.
जवळा परत: मामाने गिळला. पाणी दोन गलास.
सोलकडी: गुलाबी म्हणून घेतली. आत लसूण. फसवणूक.
सोलकडी परत: ठीक.
काळा चहा लिंबूवाला: मामाला आवडला, मामा खोटं बोलत नाही.
ताडगोळा: डोळ्यासारखा. मामा बाल्कनीत गेला.

एका शनिवारी गाळ्यावरून एक रामफळ घेऊन आलो.
हजारो वेळा लिहिलेला शब्द, आता पोळपाटावर,
तपकिरी, जरा मऊ, शेलारच्या अंगठ्याचा ठसा असलेला.
नखूने डोळे मिटले, चमचा घातला, म्हणाली,
"वाळू आहे. गोड वाळू."
तिने अर्धं संपवलं.
मला दोन चमचे गेले, तिसरा रुमालात.
नाही आवडलं. अजूनही नाही.
पण सोमवारी पट्टीवर "रामफळ" लिहिताना
दाढेखाली काहीतरी कचकचलं.

एकविसाव्या दिवशी बहीण पट्टा बांधून आली, तिला घेऊन गेली.
पट्टीबुक माझ्याकडे राहिलं,
कारण, नखू म्हणाली, हिशेब तुझा कच्चा आहे.

रात्री तिचा फोन येतो.
"आज काय?"
"आज काही नाही."
"खोटं."

खरंच खोटं.
आज एका नव्या पेटीतून शेलारने हसत हसत
एक रामबुटान माझ्या खिशात टाकलं,
लाल, केसाळ, उवा बघाव्यात असं डोकं.
तुर्भे ते कोपरखैरणे बसमध्ये
दर दोन मिनिटांनी हात घालून चाचपत आलो.
चावत तर नाही.
बघून झालंय. वास झालाय. बोट झालंय.
"रविवारी ये," मी म्हणतो, "आणि रुमाल आण."