जास्तीचं अक्षर

स्ट्रॉमनेसला थडग्यांचे दगड कोरणारा आइझबिस्टर
अक्षरं मोजून पैसे घेतो. अक्षराला नऊ पौंड,
स्वल्पविराम फुकट.

मी घरनंबराची पाटी न्यायला गेले होते.
गेले होते: बघा, एका क्रियापदात
मी कोण ते सांडलंच.

फ्लेट माझ्या पुढे उभे. त्यांनी कागद सरकवला.
भरती-ओहोटीबद्दलची एक ओळ,
सुरुवातीला शी,
शीवर काट,
वर पेन्सिलीने दे.

'माणूस एकच ना?' आइझबिस्टरने विचारलं.
खोचकपणे नाही. चाळीस वर्षं तो
एकाला एकवचन, जोडप्याला अनेकवचन कोरत आलाय.
फ्लेटनी टोपी काढली, पुन्हा घातली.

मला सांगावंसं वाटलं,
आमच्याकडे सासरे एकटेच येतात
आणि क्रियापद अनेकवचनात येतं,
बाकीचे कुठे राहिले असं कुणी विचारत नाही.
बोलले नाही. पाटी गुंडाळायला कागद मागितला.

हॉयच्या फेरीबोटीवर
ब्रॅकनने दोर फेकला, ब्रॅकनने फळी टाकली,
ब्रॅकनने माझं सामान धक्क्यावर ठेवलं.
दोर पुल्लिंगी, फळी स्त्रीलिंगी, सामान नपुंसकलिंगी.
करणाऱ्याबद्दल क्रियापद चकार शब्द काढत नाही.
कर्मणी प्रयोग घोकून घेताना
तो कशासाठी असतो, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत ब्रॅकनला समुद्राने नेलं.
नेलं.
भावे प्रयोग, पाच गुणांचा.

पण हसणं आहे, दमणं आहे,
ओल्या बुटांनी घरी येणं आहे.
तिथे माझी भाषा दारात अडवते, आधी सांग म्हणते.
ब्रॅकन हसला, हसली, हसलं,
तिन्ही लिहिली, तिन्ही खोडली.
ब्रॅकनचं हसणं, एवढंच ठेवलं.

फ्लेट अजून चुकतात.
'सोनेरी रंग नको भरू,' ते म्हणाले, 'तिला आवडायचा...'
आणि थांबले. सत्तरीचा माणूस,
खेकड्यांच्या दोऱ्यांनी बोटं कापलेला,
तोंडातल्या तोंडात वाक्य मागे नेऊन
पुन्हा सुरुवात केली:
'त्यांना आवडायचा नाही.'

शीपेक्षा एक अक्षर जास्त.
नऊ पौंड, सुट्ट्या नाण्यांत.

आइझबिस्टरने छिन्नीची धार अंगठ्यावर पाहिली.
'दे?' त्याने एकदा खात्री करून घेतली.
'दे,' फ्लेट म्हणाले.

इंग्रजीतच म्हणाले.
मला मात्र
मागितल्यासारखं ऐकू आलं.