गच्चीवरची भरती

पाणी एकदाच उचलायचं, म्हणालास,
मग उतार जाणे आणि पाणी जाणे.
बावीस वर्षं रॉटरडॅमच्या बोटींच्या पोटात
पंप पुसत काढलेला माणूस तू, अदेरितो,
मी काय बोलणार.

मिंदेलुत, मोंत सोसेगुच्या चढावर, आपल्या गच्चीत
तू विटांवर विटा रचल्यास,
वर निळं पिंप आडवं चिरून ठेवलंस,
त्यात डोंगरावरची काळी, भोकाभोकांची खडी,
खाली हजार लिटरची टाकी
आणि झेफेरिनोनं बादलीतून आणलेले चाळीस टिलापिया,
माझ्या करंगळीएवढे.
माशांनी घाण करायची, खडीनं पचवायची,
कोबीनं खायची,
पाण्यानं तोंड धुऊन परत खाली यायचं.
असं वळण आपल्या पोरांना लागलं असतं तर.

पैसा पाण्यासारखा खर्च करतात म्हणे कुठे कुठे.
इथे पाणी पैशासारखं मोजतो आपण,
समुद्राचं मीठ काढून विकत मिळणारं.
टाकी भरली त्या दिवशी कॅन मीच मोजले.
नऊ वर्षांची असताना वीस लिटरचा डबा डोक्यावर घेऊन
हाच चढ चढायचे मी.
थेंब हिंदकळला तरी आधी मानेला कळायचं.
त्यामुळे उताराचं मला सांगू नकोस,
तुझ्या त्या बुडबुड्याच्या पट्टीनं तर मुळीच नको.

पिंपाच्या मधोमध उभा पाइप,
त्यावर बूड न कापलेली पालथी बाटली.
तू तिला घंटा म्हणतोस.
पाणी चढत चढत पाइपच्या तोंडाशी येणार
आणि एकदम सगळं ओढून खाली नेणार,
मुळांना श्वास मिळणार,
मग पुन्हा भरती.
वहीत तरी असंच होतं, बाणबिण काढून.

तीन दिवस पाणी काठाशी येऊन बसून राहिलं.
कडेवरून नुसतं झिरपायचं,
जेवढं आलं तेवढंच गेलं.
कोथिंबिरीची मुळं तपकिरी, बुळबुळीत.
तू व्हॉल्व्ह आणखी आवळलास.
हळू, म्हणालास, अलगद, माशांना धक्का नको.

मी चादरी काढत होते दोरीवरून,
वाळवंटाची धूळ बसून पिवळ्या पडलेल्या.
म्हटलं, पुरे हे अलगद.
तू असाच यायचास, अदेरितो.
महिन्याला एक मनीऑर्डर, नाताळला एक फोन,
त्यातही अर्धा वेळ हॅलो, हॅलो.
आलं तेवढंच जायचं.
मी कधी काठोकाठ भरले नाही
म्हणून कधी पुरती रितीही झाले नाही.
भांडायलासुद्धा थोडं साठावं लागतं,
तेवढंही साठू दिलं नाहीस.
बावीस वर्षं मुळं पाण्यातच होती माझी.

तू पाना धरून उभा.
मला वाटलं, आता नेहमीसारखा बंदराकडे बघशील.
तू वाकलास
आणि व्हॉल्व्ह अर्धा फेरा सोडलास.

बराच वेळ काहीच नाही.
खाली कुणाचा तरी कोंबडा.
एक चादर उडून शेजारच्या अँटेनावर गेली,
मी ती जाऊ दिली.

मग बाटलीखालून आवाज आला,
अडकलेला घोट घशातून उतरावा तसा,
आणि अख्खं पिंप धडधडत खाली गेलं.
चाळीस मासे एका बाजूला पळाले, तेवढंच.
मेलं कुणीच नाही.
खडी उघडी पडून वाफाळत राहिली उन्हात,
आणि तू पाण्याकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणालास,
मला वाटायचं जास्त पाठवलं तर संपून जाईल.

काय, ते विचारलं नाही मी.

आता अकरा मिनिटांनी भरती, अकरा मिनिटांनी ओहोटी.
रात्री जाग आली की मी मोजते.
परवा बारा झाली, तेरा झाली.
तुला कोपरानं ढोसलं.
खडीत मूळ शिरलं असेल पाइपात, पुटपुटलास,
आणि अंधारात पायांनी चप्पल शोधू लागलास.
एक तुझी होती.
दुसरी माझी.
तशीच घालून गेलास.