न लावलेलं तेल

रात्री अडीच वाजता सीपीआरच्या अपघात विभागात
हिंदुराव वस्ताद उभे होते, दोन्ही तळवे पुढे धरून,
हातातून काही सांडेल अशा बेतानं.
तळव्यांवर तिळाचं तेल, अजून कोमट.
"तापवलं हुतं. पण लावलं न्हाई," म्हणाले.
"आधी ह्याला बघा."

स्ट्रेचरवर तौसिफ बागवान, वय सतरा,
पेठेच्या संघाचा गोलकीपर,
गुडघ्यांवर कालच्या सरावाची माती.
उजवा पाय पोटाशी घेऊन पडलेला,
इतका स्थिर
की कपाळावरचा डास हाकलायलाही हात उचलेना.

वडील कपिलतीर्थात केळी विकतात.
त्यांनी दिवसाचा हिशेब मांडला:
सकाळी मिसळ, वर दोनदा कट.
दुपारी जेवण नको म्हणाला.
"आमचा तौसिफ, आणि जेवण नको!"
मग बेंबीभोवती कळ, मग एक उलटी.
ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला.
शेजारीण म्हणाली, बेंबी सरकली, वस्तादांकडं न्या.
चाळीस वर्षं त्या गल्लीच्या बेंब्या
त्यांनीच जागेवर बसवल्यात.

"हात ठेवला तर बेंबी जागेवरच," वस्ताद म्हणाले,
"दुखणं मातूर तिथनं उठून गेलेलं.
सांजच्याला हितं हुतं म्हणतोय. आता हितं."
त्यांचं तेलकट बोट
त्यांच्याच सदऱ्यावरून उतरलं,
बेंबीपासून उजव्या खुब्याच्या हाडाकडे,
आणि वाट संपायच्या आधी थांबलं.
पुस्तकात त्या जागेला एका परदेशी डॉक्टरचं नाव आहे.
त्या रात्री तिथे तेलाचा डाग होता.

मी लातूरची, पहिलंच वर्ष.
तासाभरापूर्वी शिरोलीच्या फाउंड्रीतला एक जण
मुतखड्याची कळ घेऊन आला होता;
कंबरेतून जांघेत उतरायची ती,
आणि तो बाक, भिंत, फरशी, कुठेच ठरत नव्हता.
पडद्यामागे ऋतुजा, तिचंही उजवीकडेच.
आईला चहाला पाठवून विचारलं, पाळी कधी आली?
तिनं बोटं मोजली. परत मोजली.
कोपऱ्यात पित्त झालंय म्हणून आलेल्या मावशी,
घामानं चिंब,
आणि त्यांच्या कार्डिओग्रामच्या रेघा
पोटाबद्दल बोलतच नव्हत्या.
पोट चहाडी करतं,
पण नाव नीट सांगत नाही.

तौसिफला म्हटलं, खोक.
खोकला, आणि हात आपोआप तिथेच गेला.
हळू दाबलं. दात आवळून सोसलं त्यानं.
मग मी हात झटकन उचलला,
आणि तेव्हा तो ओरडला,
दाबताना नव्हे, सोडताना.
वस्तादांनी मान हलवली,
ओळखीचा डाव पडल्यासारखी.

पहाटे टेबलावर निघालं ते:
करंगळीएवढं, सुजलेलं, टोकाला काळं,
फुटायला थोडंच राहिलेलं.

बाहेर नळाखाली वस्ताद हात धूत होते.
तेल नुसत्या पाण्यानं जात नाही. मी साबण दिला.
"शहाण्णव साली एक पोरगं आणलं हुतं माझ्याकडं.
तालमीतलंच. असंच, उजवीकडं.
त्याला चोळलं हुतं मी.
रातीत दुखायचं थांबलं बी एकाएकी.
त्याच्या आईनं पेढं आणलं."
पुढचं ते बोलले नाहीत.
फेस मनगटापर्यंत चढवत राहिले.
एकाएकी थांबलेल्या दुखण्याचा अर्थ
आम्हाला वर्गात शिकवला होता,
परीक्षेत दोन गुणांना.

साडेसहाला बागवानांनी वेलची केळ्यांची फणी
सिस्टरच्या टेबलावर आणून ठेवली.
तौसिफला अजून पाणीसुद्धा बंद.
वस्तादांनी एक सोललं, अर्धं मला दिलं.
त्याला किंचित तिळाच्या तेलाचा वास होता.