पान सात

साखर पेठेतल्या प्रेसमध्ये मी मुद्रितं तपासतो.
एकवीस वर्षं. खिशात दोन चष्मे,
एक अक्षरांसाठी, एक माणसांसाठी.

दोन्ही पक्षांचे जाहीरनामे आमच्याकडेच येतात,
कारण येमूलशेठ उधारीवर छापतात
आणि तोंड बंद ठेवतात.
दोघांचंही पान सात: राष्ट्रीय सुरक्षा.
पाणी पान अठरावर,
तेही चार दिवसांआड.

एकांच्या पानावर 'जशास तसे', जाड टायपात.
दुसऱ्यांच्या 'हिशेब द्या', तेवढ्याच जाड.
एक म्हणतात, सीमा यांनी सताड उघडी टाकली,
कुलूप आम्ही लावलं.
दुसरे म्हणतात, कुलूप आमचंच,
यांनी त्यावर फक्त स्वतःचं नाव कोरलं.
बिराजदार सर सकाळी येऊन
'सक्षम' खोडतात, 'कणखर' करतात.
तासाभरात त्यांचेच मेहुणे, पलीकडच्या पक्षाचे,
'कणखर' खोडतात, 'सक्षम' करतात.
'शहीद' मात्र दोघेही चुकवतात.
'ही' दीर्घ, मी सांगतो.
दीर्घच असते ती.

रविवारी हुतात्मा स्मृती मंदिरात दोघांचा जाहीर वाद झाला.
मागे पडद्याएवढा नकाशा.
त्याच्याकडे पाठ करून दोघं
एकमेकांची जुनी वर्षं उकरत बसले.
शेवटच्या रांगेतून एक बाई उठली,
बोटांना तंबाखूचा वास असणार, कारखान्यातून थेट आलेली.
म्हणाली, पोरगं तीन वर्षं झाली
पहाटे चारला उठून पळतंय.
वय संपत आलं. भरती कधी हाय?
सूत्रसंचालक म्हणाले,
ताई, विषयाला धरून बोला.

बुधवारी मंद्रूपकडचा एक फौजी आला,
रेवणसिद्ध म्याकले,
मुलीच्या जावळाची पत्रिका, शंभर प्रती.
नमुने बघता बघता त्यानं पान सात उचललं
आणि हसायला लागला.
'ह्यो जवान कुठला म्हणायचा?
टोपी आपली नव्हं.
बूट तर बिलकूलच नव्हं की हो.'
मी दुसऱ्यांचं पान सात पुढं केलं.
तोच जवान, आरशात धरल्यासारखा उलटा,
बंदूक डाव्या खांद्यावर.

बिराजदारांना फोन केला.
'टोपी कोण बघतंय हो?'
मेहुण्यांना केला. ते जरा गप्प राहिले.
मग म्हणाले, 'आमचा फोटो बदला.
त्यांचा राहू द्या तसाच.
सभेत काढतो.'

माझे आजोबा सांगायचे,
या गावात लष्करी कायदा लागला तेव्हा
डोक्यावर पांढरी टोपी दिसली की धरायचे.
चौकातल्या नोटिशीत काय लिहिलं होतं
ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.
टोपी आठवायची.
जुन्या मिलमागं, बाभळीखाली पुरलेली,
आणि नंतर कितीही उकरलं तरी न सापडलेली.

संध्याकाळी रेवणसिद्धचा फोन.
रजा रद्द. रात्रीच्या गाडीनं निघालोय.
म्हटलं, पत्रिका थांबवू?
'छे छे, छापा. मामाचं नाव असू द्या,
देवाचं असू द्या.
तारीख तेवढी काढा.
मी कळवतो.'

दोन्ही जाहीरनाम्यांत तारखा पक्क्या आहेत.
शंभर दिवसांत हे, हजार दिवसांत ते.
मी पत्रिकेवरची तारीख काढली,
पेनानं भरता येईल एवढी जागा सोडली,
वार सुद्धा काढला.

मशीनवर पान सात चढलेलं, चाळीस हजार.
शंभरांना मध्ये घुसायला वाव नव्हता.
मी राजेशमला म्हटलं, थांबव.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
काचेपलीकडे शेठकडे पाहिलं,
मग चिंधीला हात पुसत
बटणाकडे गेला.